समाधान-सरासरी ४.१९

शहराच्या नऊ नंबरच्या फायर स्टेशनला समाधान-सरासरी सुधारण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत देण्यात येत आहे, असं पत्र आलं, तेव्हा डेल ओस्ट्रोव्स्की स्टेशनच्या स्वयंपाकघरात सहा जणांसाठी खिमा-राजमा ढवळत होता. पत्र त्याने एका हाताने वाचलं. दुसरा हात थांबवला असता तर राजमा तळाला लागला असता, आणि त्याची जबाबदारी कुठल्याच विभागाने घेतली नसती.

डेल एकोणीस वर्षं फायरमन होता आणि पॅरामेडिकही. सरोवराकाठच्या त्या शहरात आग विझवणारा माणूस आणि बंद पडलेलं हृदय चालू करणारा माणूस एकच असतो. घरं हल्ली फारशी जळत नाहीत. माणसांनी मात्र कोसळणं कमी केलेलं नाही. त्यामुळे दहा फोन आले तर आठ छातीत कळ आल्याचे, जिन्यावरून पडल्याचे, नाहीतर घशात हाड अडकल्याचे असत.

वर्षापूर्वी नगरपालिकेत 'नागरिक समाधान विभाग' निघाला. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला तिसऱ्या दिवशी फोनवर संदेश जाई: 'तुमच्या आणीबाणीचा अनुभव कसा होता?' खाली पाच तारे. ज्या स्टेशनची सरासरी ४.२ च्या खाली, ते बंद करून दुसऱ्यात विलीन करायचं. नऊ नंबर होतं ४.१ वर. विलीन व्हायचं होतं चार नंबरमध्ये, नदीपलीकडे. मधला पूल जहाज आलं की वर उचलला जाई. पूल खाली असेल तर तिथून अकरा मिनिटं. श्वास थांबल्यावर माणसाचा मेंदू चार-सहा मिनिटंच तग धरतो, पण ते कोष्टक वेगळ्या विभागाकडे होतं.

"चार नंबरला ४.९ आहेत," डेल म्हणाला. "ते काय पेशंटचे पाय चेपतात?"

"पाय कशाला चेपतील," कॅप्टन हॅलिनन म्हणाले. "त्यांच्या हद्दीत तीन वृद्धाश्रम आहेत. त्यांचे पेशंट उत्तरच देत नाहीत."

"का?"

"मरतात, डेल. आणि उत्तर आलं नाही तर तक्रार नाही असं समजून पाच तारे धरायचे, असा नियम आहे. कलम सात."

डेलने चमचा खाली ठेवला. "म्हणजे आपली चूक ही, की आपले जगतात."

"चूक म्हणू नकोस. पत्रात 'सुधारणेस वाव' म्हटलंय."

सर्वांत मोठा वाव होता गॉर्डन टिबेट्स यांचा. लाकडी खुंट पाडायच्या बॉलिंगच्या सामन्यात चेंडू सोडता सोडता ते स्वतःच चेंडूच्या पट्टीवर आडवे झाले होते. नाडी नाही, श्वास नाही. डेलने कात्रीने त्यांचा शर्ट उभा फाडला, छाती दाबली, दोन बरगड्या मोडल्या, विजेचे दोन झटके दिले, आणि टिबेट्स सहा मिनिटांनी परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक तारा दिला. शेरा होता: 'शर्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या अजिंक्यपदाचा होता. विचारायला काय झालं होतं?'

विभागाने ही तक्रार गांभीर्याने घेतली. कारेन व्होस्लू नावाच्या प्रशिक्षण अधिकारी रबरी पुतळा घेऊन आल्या. पुतळ्याला अकरा बटणांचा शर्ट होता.

"यापुढे कापड कापायच्या आधी परवानगी घ्यायची," त्या म्हणाल्या.

"बाई, माणूस बेशुद्ध असतो," डेलची जोडीदार टॅमिका प्रूइट म्हणाली. ती चार वर्षं त्याच्याबरोबर रुग्णवाहिका चालवत होती आणि गोड बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"म्हणूनच तीनदा विचारायचं. स्पष्ट आवाजात, हसऱ्या चेहऱ्याने."

"आणि त्याने उत्तर दिलं नाही तर?"

"तर बटणं उघडायची."

"आणि तेवढ्यात तो मेला तर?"

व्होस्लूबाईंनी कागद चाळला. "तर कलम सात," त्या म्हणाल्या.

महिनाभर नऊ नंबरात बटणांचा सराव चालला. डेल अकरा बटणं चौदा सेकंदांत उघडू लागला. लोकांच्या घरात शिरताना जोडे पुसणं, कुत्र्याची चौकशी करणं, ज्याचा पाय मोडलाय त्याला 'आजचा दिवस कसा चाललाय' विचारणं, सगळं झालं. टॅमिका इतकी हसली की तिचे गाल दुखू लागले. शेवटच्या आठवड्यात सरासरी बरोबर ४.२० वर आली. कॅप्टननी आकडा फळ्यावर लिहिला आणि आता कोणी फळ्याला हात लावू नये म्हणून सांगितलं.

आता मुदत संपेपर्यंत कोणी आजारी पडलं नाही, किंवा पडलंच तर बरं झालं नाही, तर स्टेशन वाचणार होतं. असा विचार आपल्या मनात आला म्हणून डेलला त्या दिवशी स्वतःचीच घृणा वाटली, आणि जेवण गेलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी सेंट कॅसिमिर चर्चच्या तळघरातून फोन आला. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते, शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून तळलेल्या मासळीचं जेवण चालू होतं. मिसेस यूनिस व्हेलन, वय एकाहत्तर, कोबीच्या कोशिंबिरीच्या रांगेतच कोसळल्या होत्या. अंगात हाताने विणलेला निळा स्वेटर, त्याला शिंपल्यांची बारीक बटणं.

"मिसेस व्हेलन, तुमचा स्वेटर कापू का?" डेलने हसऱ्या चेहऱ्याने विचारलं. भोवती पन्नास माणसं ताटल्या हातात धरून उभी होती.

"मिसेस व्हेलन, तुमचा स्वेटर..."

त्याने पहिलं बटण उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं धाग्यात अडकलं. बाईंचे ओठ स्वेटरच्या रंगाचे होत चालले होते.

"डेल," टॅमिका म्हणाली, "चौथं बटण उघडलंस तर मी तुझा हात मोडीन."

त्याने कात्री घेतली. स्वेटर गळ्यापासून खालपर्यंत गेला. छाती दाबली, झटका दिला, पुन्हा दाबली. नवव्या मिनिटाला मिसेस व्हेलननी डोळे उघडले आणि माझी मासळी कोणी खाल्ली, असं विचारलं. लोक रडले, पाद्री रडले. डेलही रुग्णवाहिकेच्या मागे जाऊन थोडा रडला, आणि ते आनंदाचं होतं की आकड्याचं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

सोमवारी मिसेस व्हेलनच्या मुलीने चॉकलेटचा केक आणला. त्याच सकाळी त्यांचं उत्तरही आलं. चार तारे. शेरा: 'फार गोड मुलं. देव त्यांचं भलं करो. स्वेटर बहिणीने विणला होता, म्हणून एक कमी.' सरासरी झाली ४.१९.

नियमाप्रमाणे जनसुनावणी झाली. मंगळवारी दुपारी नगरपालिकेचं सभागृह खच्चून भरलं. नऊ नंबर बंद होणार म्हटल्यावर अख्खी वस्ती उठून आली होती. पहिले उभे राहिले टिबेट्स, बरगड्यांना हात लावत.

"या माणसामुळे मी जिवंत आहे," ते म्हणाले.

विभागप्रमुखांनी कागद बघितला. "आपण एक तारा दिला होता."

"तो शर्टाचा. माणसाचा नव्हे."

"तसा रकाना नाही."

मग एक बाई उठली. तिचं बाळंतपण डेलने रुग्णवाहिकेतच केलं होतं. "आपण तीन," विभागप्रमुख म्हणाले. "तीन म्हणजे चांगलंच की," बाई म्हणाली, "मी तर नवऱ्यालाही तीनच देते." सगळे हसले. एका मास्तरांनी सांगितलं की ते तत्त्व म्हणून कुणालाच पाच देत नाहीत, सुधारायला जागा ठेवतात. एकामागून एक चौतीस जण उठले, रडले, आणि प्रत्येकाचा आकडा वाचला गेला. मिसेस व्हेलन चाकांच्या खुर्चीतून म्हणाल्या, "अहो, मी तर चार दिले, चांगले चार."

"आपल्याच चारांनी ते खाली गेले, बाई," विभागप्रमुख आदराने म्हणाले, आणि स्टेशन बंद करण्याचा ठराव वाचून दाखवला.

डेल आणि टॅमिका बाहेर आले. दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या खानावळीत बसून डेलने अंडी, बटाटे आणि पाव मागवला, आणि जेवण येईपर्यंत त्या चौतीस जणांना मनसोक्त शिव्या घातल्या.

"जीव वाचवला, जीव. आणि तीन?" तो म्हणाला. "हात कसा धजतो माणसाचा?"

वाढणारी मुलगी नवी होती. पाच टेबलं एकटी सांभाळत होती. बशा उचलताना तिने बिल भरायची इलेक्ट्रॉनिक पाटी पुढे केली. बिलाखाली पाच पोकळ तारे होते.

"जमलं तर बघा," ती हळूच म्हणाली. "सरासरी साडेचारच्या खाली गेली की आमच्या कामाच्या पाळ्या कापतात."

ती पुढच्या टेबलाकडे वळली. डेलने पाटी हातात घेतली आणि थोडा विचार केला. अंडी उत्तम होती, मुलगी चांगली होती, पण पाव गार आला होता, आणि डेल प्रामाणिक माणूस होता. त्याने बोट टेकवलं.

टॅमिकाने वाकून पाहिलं.

"तीन?"

"तीन म्हणजे चांगलंच की," डेल म्हणाला, आणि कोट घालायला उठला.