निंबाजी डॉक्टरांचा टेप

अमरावतीत निंबाजी डॉक्टरांकडे कोणी खाज घेऊन गेलं, की ते आधी त्याची कंबर मोजतात. शिंप्याच्या टेपनं. मग दंडाला बीपीचा पट्टा. चट्टे शेवटी.

मी त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. जिन्यातली कुरकूर रोज कानावर येते. "कातड्याचा डॉक्टर हाये का टेलर?" ही त्यातली सभ्य.

डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. "कातडं बोंबलते. आतलं गुमान राहते. मले गुमान राहणाऱ्याचं भेव वाटते."

सोरायसिस, म्हणजे खवल्यांच्या चट्ट्यांचा त्वचारोग, असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो; कंबर आणि बीपी वाढलं तर आणखीच. डॉक्टरांच्या संमेलनात निंबाजी जेवणाचं ताट हातात घेऊन हेच विचारत फिरतात, "तुमच्या सोरायसिसवाल्याचं बीपी किती?" माणसं रांग बदलतात. एकानं सुनावलं, "ते हार्टवाले पाहतीन नं!" निंबाजी म्हणाले, "हार्टवाला म्हणते, कातडंवाले पाहतीन. पेशंट मधातल्या मधात जाते."

बार्शीटाकळीचे रामदासभाऊ आले, त्या दिवशी मी खाली पेपर चाळत बसलो होतो. वांगी-मिरची पिकवणारा माणूस. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं. न्हावीही त्यांना हात लावायला कचरायचा. डॉक्टरांनी उघड्या हातांनी बाही वर सरकवली आणि त्या खवल्यांवरच पट्टा बांधला. रामदासभाऊ नुसते त्या हातांकडे पाहत राहिले.

"चालता चालता दम लागते?"

"वखर हाणतो मी. दम कायचा?" मग हळूच, "छातीत जड होते थोडं. गॅस हाये."

"आधी हार्टवाल्याकडं जा. आताच."

"मी खाजेसाठी आलो नं जी!"

"मलम उद्याही भेटन. तुमी भेटसान का?"

रामदासभाऊ रागानं उठले. डॉक्टरांनी दवाखाना तसाच उघडा टाकून त्यांना स्वतः ऑटोत बसवलं आणि शेजारी बसून गेले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळपास बंद निघाली. ती वेळेवर उघडली.

दोन महिन्यांनी रामदासभाऊ वांग्यांची पिशवी घेऊन आले. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

"खाज अजून हाये, डॉक्टरसाहेब."

"तिचं पाहू. उभे राहा." टेप कमरेभोवती फिरला. "दोन बोटं कमी. शाबास."

हल्ली अकोल्याहून पेशंट येतात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बीपी आणि साखर आधीच लिहिलेली असते. निंबाजी ती चिठ्ठी दोनदा वाचतात. गल्लीला सांगायचं काम मी करतो.

टेपवरचे आकडे पुसट झाले होते, म्हणून मी नवा आणून दिला. तो खणात पडून आहे. एकदा कारण विचारलं.

"हा दादाचा. बडनेऱ्याले टेलर होता. सोरायसिस होता त्याले. म्या अंगावर एक चट्टा ठेवला नाही. मशीनवर बसल्या बसल्या गेला, हार्टनं. मयतीले लोक म्हणत, निंबाजीनं भावाचं अंग काय साफ केलं!"

ते टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"साऱ्या बडनेऱ्याची कंबर मोजली त्यानं. त्याची मोजाची राहून गेली."

मग त्यांनी टेप पुन्हा सोडला. "तुमी कायले बसून राहिले? उठा."

मला ना खाज, ना चट्टा. मी उभा राहिलो.