गावंडेकाकांची पायी पॅसेंजर

गावंडेकाकांनी एकदा आमच्या सेक्टरच्या भर रस्त्यात लाल झेंडी दाखवून एक सरकारी गाडी थांबवली. कारण काय, तर एक काळा, असंख्य पायांचा किडा रस्ता ओलांडत होता आणि त्याच्याभोवती आमच्या बिल्डिंगची सगळी बारकी पोरं उकिडवी बसली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी मागच्या सीटवरचे साहेब स्वतः उतरले. काका त्यांना शांतपणे म्हणाले, "दोन मिन्टं साहेब. मालगाडी पास होऊन राह्यली."

आता साहेब भडकणार म्हणून मी बाल्कनीत जीव मुठीत धरून उभी. तर साहेबांनी पँट वर ओढली आणि तेही पोरांत उकिडवे बसले. "इसके पैर गिने किसीने?" झालं! किडा पलीकडे पोचेपर्यंत राज्याचा कारभार थांबला. घरी आल्यावर आमचा ओजू मला म्हणतो, "मम्मी, आज साहब भी हमारी ट्रेन में थे."

ही ट्रेन म्हणजे गावंडेकाकांची पायी पॅसेंजर. काका रेल्वेत गार्ड होते. सारं आयुष्य नागपूर ते बिलासपूर शेवटच्या डब्यात उभं राहून गेलं. रिटायर झाले, बायको गेली, आणि मुलगा प्रशांत इथे छत्तीसगढच्या नव्या राजधानीत, नवा रायपुरात मोठ्या हुद्द्यावर आला म्हणून त्याच्याकडे राहायला आले. इथे रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नाही, आणि बस म्हणाल तर देव भेटेल पण ती भेटायची नाही. काकांना करमेना. मग त्यांनी स्वतःचीच गाडी सुरू केली.

रोज पाच वाजता खाली शिट्टी वाजते. पोरं एकमेकांचे शर्ट धरून रांगेत उभी राहतात. इंजिन व्हायची पाळी ठरलेली आहे, नाहीतर डबेच आपसात मारामारी करतात. सगळ्यात मागे पांढऱ्याशुभ्र पँट-शर्टात काका. तिकीट म्हणजे पळसाचं पान. रिकाम्या प्लॉटांमधून गाडी निघते. कडुनिंब, मग वारूळ हॉल्ट, आणि शेवटी तलावाच्या काठी बेडूक जंक्शन. प्रत्येक स्टेशनावर काका विचारतात, "काय पायलं?" प्रत्येकानं काहीतरी नवं पाहिलेलं सांगायचं. सांगितलं की काका नखानं पानाला भोक पाडतात. एकानं जरी काही पाहिलं नसेल तरी गाडी हलत नाही. मग बाकीची पोरं त्याला "अरे, वो देख चींटी! चींटी बोल दे!" म्हणून ढोसतात.

सगळं कौतुक खरं, पण धुणं माझ्याच नशिबी ना! वॉशिंग मशीनमधून पळसाची पानं काढता काढता मी रडकुंडीला आले. आम्ही रायपूरच्या पुरानी बस्तीतले जुने मराठी लोक, आमच्या तीन पिढ्या त्या गल्लीत गेल्या, पण असली माती कुणी घरात आणली नव्हती. आणि एक दिवस तर ओजूच्या टिफिनमधून बेडूक निघाला. मी तरातरा भांडायला गेले.

"काका, डब्यात बेडूक होता!"

"जिता होता ना?"

"हो, पण..."

"मंग झालं तं!"

आता अशा माणसाशी काय भांडायचं, कपाळ? मी वळले, तर काका हळूच म्हणाले, "अवो ताई, हे पोट्टे तं असेच येऊन राह्यले. मले ज्याच्यासाठी गाडी काढावी लागली, तो प्यासिंजर वरतं उभा हाये."

मी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीचा गज धरून काकांचा नातू उभा होता. ईशान, वय वर्षं पाच. सारं बालपण बंगलोरला चौदाव्या मजल्यावर गेलेलं. गवत पायाला लागलं की त्याला टोचायचं, मातीचा डाग पडला की तो हात धुवायला पळायचा. गाडी रोज त्या बाल्कनीखाली थांबायची. काका मान वर करून विचारायचे, "ईशानबाबू, चलता का?"

"नहीं दादू. कीचड़ है."

"हव." आणि शिट्टी.

काकांनी काय काय केलं नाही! एकदा जिन्यापासून कडुनिंबापर्यंत घरातल्या सगळ्या सतरंज्या अंथरल्या. ईशान शेवटच्या सतरंजीच्या टोकापर्यंत आला, पुढे वाकून माती पाहिली आणि आल्या पावली परत गेला. सारा सेक्टर पोट धरून हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? काका एकटेच सतरंज्या झटकत राहिले.

त्यात बातमी आली की सूनबाईंच्या कंपनीनं त्यांना परत बोलावलंय. दिवाळीनंतर माय-लेक बंगलोरला जाणार. काका मला म्हणाले, "पोट्टा येऊन चालला ताई, अन् जमिनीले पाय नाही लागला त्याचा." त्या दिवशी शिट्टीही बारीक वाजली.

मग आली हरेली. छत्तीसगढात पावसाळ्यातल्या या अमावास्येच्या सणाला पोरं गेडीवर चढतात. दोन बांबू, त्यांना वीतभर उंचीवर पाय ठेवायला खुंट्या, आणि त्यावर उभं राहून चिखलातून रच-रच करत चालायचं. काकांनी अभनपूरच्या बाजारातून बांबू आणून सगळ्या डब्यांसाठी गेड्या केल्या, दोन-चार थोरल्यांसाठीही. संध्याकाळी खाली नुसता धुमाकूळ. तेवढ्यात वरून बारीक आवाज आला.

"दादू, इसमें पैर नीचे नहीं लगता?"

काकांच्या हातातला बांबूच पडला. "नाही लागत रे बावा! अधरच चालतं! ये, ये, लवकर ये!"

ईशान आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून थेट गेडीवर चढला, म्हणजे जमिनीचा संबंधच नको. काकांनी दोन्ही बांबू धरले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. ईशान हसला. "दादू, छोड़ो!" काकांनी सोडलं, आणि साहेबजादे सपशेल तोंडावर चिखलात.

मला वाटलं, संपलं आता, हा पोरगा जन्मात खाली यायचा नाही. ईशाननं तोंड वर केलं. हात पाहिले. पायाची बोटं चिखलात हलवून पाहिली, पुन्हा हलवली.

"ठंडा है," तो म्हणाला, आणि तसाच अनवाणी पचक-पचक करत आपली गेडी उचलायला गेला.

काय आरडाओरडा झाला म्हणता! मी काकांना म्हटलं, "आला की हो तुमचा पॅसेंजर!" तर काका तोंड फिरवून उभे. पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "याचा बाप पयल्यांदा चालला ना ताई, तवा मी गाडीवर होतो. घरी आलो तं पोट्टा धावून राह्यला होता. सायकल शिकला, तवाही मी गाडीवरच. त्याची माय सांगे अन् मी ऐकू. एकुलता एक पोट्टा, मी त्याचं कायीच नाही पायलं."

मागे प्रशांत उभा होता. ऑफिसातून आला तो तिथेच थबकला होता. त्यानं सारं ऐकलं. हे बाप-लेक एकमेकांशी दूध आलं का, वीज गेली का, यापलीकडे बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. प्रशांतनं आपली बॅग सरळ माझ्या हातात दिली, बूट-मोजे काढले, पँट दुमडली.

"बाबा, ती थोरली गेडी द्या. मलाही येत नाही."

"पडशीन."

"म्हणून तर म्हणतो, धरा."

काकांनी धरलं. एवढा मोठा अधिकारी थरथरत वर चढला. काका त्याच्यासमोर उलट्या पावली मागे सरकत होते, चिखलात घोट्यापर्यंत, नजर लेकाच्या तोंडावर. पोरं ओरडत होती, "दादू, ट्रेन का टाइम हो गया!" काकांना ऐकूच येईना.

कडुनिंबापाशी प्रशांत म्हणाला, "बाबा, आता सोडलंत तरी चालेल."

"चूप चाल," काका म्हणाले, आणि त्यांनी सोडलं नाही.