खुर्चीत बसून हॉल बघणारे डोंगरेभाऊ

माझी आई लोकांच्या वरातीत डोक्यावर रोषणाईचा दिवा धरून चालायची. हॉलच्या फाटकापर्यंत, आत नाही. तिच्या त्या चालण्यावर मी घरातली पहिली बी.कॉम. झाले आणि मनीषनगरातल्या एका इव्हेंट कंपनीत लागले. आता हॉल मीच ठरवते. म्हणजे, डोंगरेभाऊ ठरवू देतील तेव्हा.

डोंगरेभाऊ आमचे सीनियर. पाय ठणठणीत, पण कोणताही हॉल बघायला ते व्हीलचेअरवर बसून जातात. एरवी या माणसाला बसणं माहीतच नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत पितात. बसतात ते फक्त या चाकाच्या खुर्चीत, आणि तीही पळवतात.

"धक्का देऊ नको वं! कुठं अडकतो, ते माझं मले पाहू दे."

अडकले की खूश. उंबरठ्याला चाक लागलं की वहीत खूण. बाथरूमच्या दारात रुतले की मॅनेजरला तिथंच बोलावून, तशाच अवस्थेत चर्चा. एकदा टॅक्सीची डिकी उघडायला लावली, तर आत सीएनजीची टाकी. "आता खुर्ची काय मांडीवर घेऊ गा?"

यंदा शिक्षकांच्या संमेलनात खापा गावच्या एका शिक्षिकेचा सत्कार होता. त्या व्हीलचेअर वापरतात. फोनवर त्यांनी बजावलं, "मले उचलून स्टेजवर नेणार असाल, तर मी येत नाही."

मिहानजवळच्या हॉलचा मॅनेजर म्हणाला, "रॅम्प आहे ना भाऊ." होता. स्वयंपाकघराच्या दाराला.

"सत्काराच्या बाईले भाताच्या गंजासोबत आणू काय?"

"मग चार पोरं ठेवतो. पाचच तर पायऱ्या. फुलासारखं उचलतील."

भाऊ खुर्चीतून ताडकन उठले. मॅनेजर दचकून मागे सरला. यांना चालता येत नाही, असंच तो समजून होता.

"स्टेजच नको!"

आयोजक हादरले. "मग प्रमुख पाहुणे बसतील कुठं?"

"जिथं सगळे बसून राहिले तिथं."

दोन दिवस भाऊ गच्चीवर येरझारा घालत फोनवर भांडले. शेवटी समई खाली, माइक खाली, प्रमुख पाहुणेही खाली.

मी वैतागून विचारलं, "भाऊ, पण एवढं काहून?"

फिरता फिरता ते थांबले. "माह्या लग्नात ताईले तिच्या चाकाच्या खुर्चीतून मीच उचलून स्टेजवर नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मले वाटलं, लय मोठं काम केलं. तिनं मान वर केली नाही. तेव्हापासून कोण्या कार्यक्रमाले येत नाही ती."

मग पाठ फिरवून त्यांनी फोन लावला. आवाज एकदम बारीक. "ताई, इथं एक बी पायरी नाही. मी सोता फिरून पाहिलं. येशीन काय वं?"

संमेलनात खाप्याच्या बाई आपल्या हातांनी चाकं फिरवत माइकपर्यंत गेल्या. भाऊंची ताई दुसऱ्या रांगेत होती. दिवसभरात कोणी कोणाला उचललं नाही.