घरच्यांची पंगत शेवटी

"ह्यापुढे आपल्या बिल्डिंगचं इंटरनेट अडकलं, तर नाव बदलीन!" तुकोगंजातल्या दिवाकर मोकाशीनं छाती ठोकून सांगितलं. चार घरांत एक कनेक्शन आणि सगळ्यांचे व्हिडिओ कॉल एकदम! कुणाचंच तोंड धड दिसेना. नेटवर्क इंजिनियर माणसाला हे बघवेना.

त्यानं सरळ पंगतीचा नियम लावला. एका वेळी चारच कॉल. जो बसला त्याला पोटभर स्पीड, मध्येच कुणी उठवणार नाही. पाचव्याला नम्र निरोप: 'पंगत भरली आहे, थांबावे.' आणि पठ्ठ्याचे संस्कार बघा! यजमान आधी जेवत नाही, म्हणून स्वतःच्या घराला त्यानं शेवटची पंगत दिली.

ह्याच करामतीचा डेमो सोमवारी अकराला, ह्याच कनेक्शनवरून, साहेबांना दाखवायचा होता. टीम लीडची जागा त्यावर ठरणार होती. पावणेअकराला दिवाकर टाय लावून बसला. लॅपटॉप म्हणाला, 'पंगत भरली आहे, थांबावे.'

"अरे देवा!" दिवाकर जिन्याकडे धावला.

खाली अप्पासाहेब प्रवचन ऐकत होते. "काका, पाच मिनिटं बंद करता?"

"वा रे! कुणी उठवणार नाही, असं तूच म्हणाला होतास ना?"

वरच्या पूर्णिमाताई सिंगापूरच्या लेकीला पुरण शिकवत होत्या. "आत्ता? पुरण लागेल की!" त्यांच्या धाकट्या ईशाची तर ऑनलाइन परीक्षाच चालू होती. चौथा कॉल कुमुदिनी मावशींच्या योगवर्गाचा. पण मावशी फोन चटईसमोर उभा करून साबुदाणा आणायला सियागंजच्या बाजारात गेलेल्या, दाराला कुलूप! पान रिकामं, तरी पंगतीतून उठवायची सोय नाही.

नियमच बदलावा, तर मग साहेबांना दाखवायचं काय? दिवाकरनं राउटर बंद करून पुन्हा लावला. चौघंही त्याच्या आधी बसले. कुलपातल्या मावशीसुद्धा!

सव्वाअकराला साहेबांचा, म्हणजे मनीष सरांचा, फोन आला. "दिवाकर भिया, डेमो किधर है? आम्ही सगळे वाट बघतोय."

"सर, डेमो एकदम यशस्वी!" दिवाकरनं घाम पुसला. "सिस्टीमनं मलासुद्धा आत घेतलं नाही!" आणि त्यानं पंगतीची सगळी हकीकत सांगितली.

सर पोट धरून हसले. "भोत बढिया! मला तुमचा नियम इतका आवडला, की आत्ताच लागू करतो. टीम लीडच्या जागी पुण्याहून आलेल्या ऋजुताला बसवतो."

"आणि मी, सर?"

"तुमचं काय भिया, तुम्ही तर घरचेच!"