तृणायनाचा सातवा अध्याय

एका जंगलात एक ग्रंथ होता.

जंगलात ग्रंथ नसतात, हे मलाही ठाऊक आहे, मुलांनो. पण जंगलात बोलणारे कोल्हेही नसतात, आणि त्यांच्या गोष्टी तुम्ही निमूट ऐकता. तेव्हा हीही ऐका.

ग्रंथाचं नाव 'तृणायन'. गवत खाणाऱ्या प्राण्यांचं महाकाव्य. फार पूर्वी एका म्हाताऱ्या कासवाने ते रचलं, असं सांगत. वडाच्या ढोलीत ते लाल फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. कासवाच्या पुण्यतिथीला ढोलीवर झेंडूचं तोरण लागे. सगळे प्राणी रांगेने येत, फडक्याला कपाळ टेकवत आणि प्रसादाची केळी घेऊन घरी जात. फडकं सोडायची रीत नव्हती. गाठ मात्र दर वर्षी नव्याने आवळत, सैल पडू नये म्हणून.

तृणायनाची पहिली ओवी सगळ्यांना पाठ होती. बारसं असो, लग्न असो, तळ्यातला गाळ काढायचा शुभारंभ असो, ती म्हटल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे.

नमन गवता, नमन पाण्या ।
नमन पाठीवरच्या उन्हा ।
आधी टवकारावे काना ।
मग चरावे ॥

चाल फार गोड होती. 'टवकारावे काना' या ठिकाणी तर सगळे कान पाडून, डोळे मिटून डोलत.

या जंगलात भेकरसर राहत. भेकर म्हणजे एक लहानखुरं हरीण. बाकीच्या हरणांपेक्षा त्याला एक गोष्ट जास्त येते. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, आणि ते ऐकून सगळं रान सावध होतं. पण सर शिकलेले होते. भुंकणं त्यांनी कॉलेजात असतानाच सोडलं. चारचौघांत ते बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. आता त्याच घशातून ते तृणायनावर व्याख्यानं देत.

आणि काय व्याख्यानं देत. त्यात 'जीवनदृष्टी' असे, 'मूल्यभान' असे, 'एका अर्थाने' तर इतक्या वेळा असे की दुसरा अर्थ कधी येणार म्हणून ससे शेवटपर्यंत बसून राहत.

फक्त एक गोष्ट नव्हती. सरांनी तृणायन वाचलेलं नव्हतं.

अगदीच वाचलं नव्हतं असं नाही. तरुणपणी संशोधनासाठी त्यांना गाठ सोडायची खास परवानगी मिळाली होती. पहिला अध्याय त्यांनी वाचला. दुसऱ्या अध्यायात भाषा जड झाली, उन्हाळ्याचे दिवस होते, डोळा लागला. जागे झाले तेव्हा समोर व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन कुणीतरी उभं होतं. त्यानंतर त्यांना वेळच मिळाला नाही. त्यांनी आपल्या गुरूंचं तृणायनावरचं पुस्तक वाचलं. गुरूंनी त्यांच्या गुरूंचं वाचलं होतं. अशी ती थोर परंपरा.

सरांच्या मनात एकच धास्ती होती. कुणीतरी, कधीतरी, भर सभेत उठून विचारेल की अमुक अध्यायात काय आहे, आणि आपली आयुष्यभराची अब्रू जाईल. पण कुणी विचारलं नाही. विचारायलाही वाचावं लागतं.

त्या सुमारास जंगलात एक वाद पेटला. तृणायन आजच्या काळात उपयोगाचं आहे का?

वाद पेटवला एका तरुण माकडाने. त्याने तृणायन वाचलं नव्हतं, आणि ते त्याने उघड सांगून टाकलं होतं. त्यामुळे त्याला स्पष्टवक्ता म्हणत.

"तृणायनात काय आहे?" माकड प्रत्येक सभेत विचारी. "गवत आहे, पाणी आहे, आणि बिबट्या आहे. यात आजचे प्रश्न कुठे आहेत? बिबटेसाहेबांनी मांस सोडून दोन पावसाळे झाले. तृणायन वाचून कुणाचं पोट भरलंय, ते मला एकदा दाखवा."

मग भेकरसर उठत. "अभिजात साहित्य कालातीत असतं," ते म्हणत. "ते उपयोगासाठी नसतंच. एका अर्थाने, ते असतं."

यावर टाळ्या पडत. सभा संपली की दोघे एकाच पाऊलवाटेने घरी येत, एकमेकांची शाल चाचपत.

बिबटेसाहेबांचंही सांगायला हवं. त्यांनी वैचारिक कारणांनी मांसाहार सोडला होता. तसं त्यांनीच जाहीर केलं होतं, आणि जाहीर केल्यावर कुणी शंका घेतली नाही. मधूनमधून एखादं कोकरू, एखादं पाडस दिसेनासं होई. ते शिकायला परगावी गेलं असावं, असं जंगलात धरून चालत. साहेबांनी चष्मा लावला होता आणि एक साहित्यसेवा मंडळ काढलं होतं.

एका सकाळी ते नारळ घेऊन भेकरसरांच्या दारात आले. बरोबर लाल फडकं होतं. गाठ सोडलेली.

"सर, आपल्या घळीत एक परिसंवाद ठेवलाय," ते म्हणाले. "विषय, तृणायन आज वाचावं का? अध्यक्ष तुम्ही. नाही म्हणायचं नाही."

भेकरीणबाई आतून बाहेर आल्या. "शाल देणार ना? मागच्या वेळी यांना नुसता नारळ देऊन पाठवलं हो."

"शाल आहे, वहिनी. आणि तुमची खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेवलीय."

बाई खूश झाल्या आणि कोवळा पाला आणायला आत गेल्या. साहेबांनी आवाज खाली आणला.

"सर, एक विचारायचं होतं. सातव्या अध्यायाचा शेवट तुम्हाला कसा वाटतो?"

सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यभर ज्या प्रश्नाला भ्याले तो असा चष्मा लावून घरी आला होता. ते थोडे थांबले. थांबलं की विचार केल्यासारखं दिसतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

"सातव्या अध्यायाकडे आपण प्रतीकात्मक दृष्टीनेच पाहायला हवं," ते म्हणाले.

"म्हणजे तसं प्रत्यक्षात करायचं नसतं कुणी?"

"छे, छे. ते सगळं रूपक आहे."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं विचारलं. माझ्या मनाला उगीच घोर लागला होता."

"तुम्ही वाचलंय वाटतं?"

"दोनदा. फार उपयोगी पुस्तक आहे, सर."

सरांना 'उपयोगी' हा शब्द लागला. इतक्या थोर कलाकृतीला उपयोगी म्हणणं म्हणजे अरसिकपणाची कमाल. साहेब गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "वाचून काय उपयोग? समज हवी." फडकं सोडलेलं होतं, बिबट्या काम फत्ते झाल्यासारखा खुशीत गेला होता, यातलं काही त्यांना खटकलं नाही. आपण पकडले गेलो नाही, याच आनंदात ते होते.

परिसंवाद दुपारी होता. घळ मोठी देखणी. तिन्ही बाजूंनी उभा कडा, आत जायला एकच अरुंद तोंड. तोंडाशी साहेबांचे पुतणे आणि भाचे स्वयंसेवकाचे बिल्ले लावून उभे होते. ते येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडत. शिंपडताना दंडाला किंचित चाचपून बघत. गुबगुबीत असेल त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवत, काटकुळा असेल त्याला मागे. मागे बसावं लागलेले ससे रुसले होते.

भेकरसर व्यासपीठावर बसले. बसताक्षणी नाकात काहीतरी शिरलं. गुलाबपाण्याच्या खालून येणारा जुना, उग्र वास. मानेवरचे केस उभे राहिले. घशात काहीतरी गोळा झालं आणि वर यायला लागलं. सरांनी ओळखलं नाही, कारण पुष्कळ वर्षांत ते आलंच नव्हतं. खोकला असेल म्हणून ते पाणी प्यायले.

आधी माकड बोललं. ते कड्यातून बाहेर आलेल्या उंबराच्या फांदीवर बसूनच बोललं, कारण खुर्चीवर बसणं त्याला प्रस्थापितपणाचं वाटे. तृणायन शिळं झालंय, ते बुडवा, असं त्याचं म्हणणं. मग सर बोलले. तृणायन अमर आहे, ते जपा, असं त्यांचं म्हणणं. ओघात त्यांनी सांगून टाकलं, "विशेषतः सातवा अध्याय. त्याला शब्दशः घेणं म्हणजे कवीचा अपमान." पहिल्या रांगेत भेकरीणबाईंनी शेजारच्या मेंढीकडे मान वळवून पाहिलं. हे आमचे, असा तो भाव होता.

शेवटी यजमान उठले. "मी काही विद्वान नाही," बिबटेसाहेब म्हणाले. "मी नुसता वाचून दाखवतो."

आणि त्यांनी सातवा अध्याय वाचायला घेतला.

त्या अध्यायात एक बिबट्या होता. त्याने मांस सोडल्याचं सांगितलं. सगळ्या चरणाऱ्यांना चर्चेसाठी एका घळीत बोलावलं. घळीला एकच तोंड होतं. तोंडाशी त्याचे भाऊबंद उभे केले होते. गुबगुबीत पाहुण्यांना त्याने पुढे बसवलं.

"वा," प्राणी म्हणाले. "काय वर्णन आहे. अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं."

खरोखरच ते डोळ्यांसमोर उभं होतं, मुलांनो. पण दाद देताना डोळे मिटायची त्यांना सवय होती.

डोळे फक्त सरांचे उघडे होते. त्यांनी घळीच्या तोंडाकडे पाहिलं. बिल्ले लावलेले स्वयंसेवक आता नमस्कार करत नव्हते. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. भेकरीणबाई नवा गजरा माळून, पुढे सरून बसल्या होत्या.  सरांना भीती वाटली, आणि बायकोची फार काळजी वाटली.

साहेब वाचता वाचता थांबले. ग्रंथ अर्धवट मिटला.

"अहो, पुढे काय होतं?" भेकरीणबाईंनी कौतुकाने नवऱ्यालाच विचारलं. "सांगा ना. तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"हो, सर," साहेब म्हणाले. "तुम्हीच सांगा."

ते हसत होते, पण त्यांचं शेपूट ताठ झालं होतं. सगळ्या सभेत सर्वांत जास्त भ्यालेले तेच होते. कारण सातव्या अध्यायाच्या शेवटी काय आहे, ते मी तुम्हाला सांगतो.

शेवटी एक भेकर भुंकतं. एवढंच. आणि ते भुंकल्याबरोबर सगळे प्राणी एकदम उठतात, एकदम धावतात, आणि त्या लोंढ्यापुढे बिबट्याचे भाऊबंद बाजूला फेकले जातात. कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. कासवाने तो सगळा ग्रंथ बहुधा या एका पानासाठी लिहिला होता.

सरांच्या घशात ते भुंकणं आता अगदी जिभेच्या मुळाशी आलं होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. पण भुंकायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं, की हे रूपक नव्हतं. आत्ताच भाषणात सांगितलं ते चूक होतं. मी हे वाचलं नव्हतं. माझ्या गुरूंनीही नव्हतं. समोर सगळं जंगल बसलं होतं. वर ते माकड बसलं होतं, आणि ते उद्या गावभर करणार होतं. खांद्यावर नवी शाल होती.

सरांनी भुंकणं गिळलं. ते घोटभर पाणी प्यायले.

"शेवट," ते म्हणाले, "कवीने वाचकावर सोपवला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भेकरीणबाईंनी डोळे पुसले.

टाळ्या थांबेपर्यंत बिबटेसाहेबांनी चष्मा काढला, नीट पुसला आणि डबीत ठेवला.

"इथे वाचक मी एकटाच आहे," ते म्हणाले.

तेव्हा मात्र सरांनी भुंकायचा प्रयत्न केला. खरंच केला, बायकोकडे बघून केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण घसा व्याख्यानांना सरावलेला. त्यातून एवढंच बाहेर आलं, "एका अर्थाने..."

पुढचा अर्थ कुणाला ऐकू आला नाही.

मग काय झालं ते मी सांगत नाही. तुमची जेवायची वेळ झाली आहे.

माकड उंबरावरून वर चढून सुटलं. त्याने भेकरसरांवर हृद्य मृत्युलेख लिहिला आणि त्यात लिहिलं की सर शेवटपर्यंत आपल्या मतांवर ठाम राहिले. मागच्या रांगेतल्या काटकुळ्या सशांना कुणी हात लावला नाही. पुढे बसायला मिळालं नाही, हे दुःख मात्र त्यांना राहिलं.

बिबटेसाहेबांनी ग्रंथाला नवं रेशमी फडकं दिलं. गाठ त्यांनी स्वतः मारली, चांगली दुहेरी. 'हा अमोल ठेवा असाच जपून ठेवा,' अशी पाटीही ढोलीवर लावली.

पुढच्या पुण्यतिथीला त्यांनी घळीत पुन्हा परिसंवाद ठेवला. विषय होता, भेकरसरांची समीक्षा आज वाचावी का? ससे वर्षभर गाजर खाऊन गुबगुबीत होऊन आले होते. त्यांना पहिली रांग मिळाली. सुरुवातीला सगळ्यांनी कान पाडून, डोळे मिटून, गोड आवाजात पहिली ओवी म्हटली.

तात्पर्य : साहित्य वाचून पोट भरत नाही, असं तुमच्या घरी कुणी म्हणत असेल, तर त्यांना बिबटेसाहेबांकडे पाठवा. भरतं. फक्त स्वतः वाचावं लागतं, आणि बाकीच्यांनी नुसती चर्चा केलेली असावी लागते.