खात्री नसेल तर

सिद्धोधनच्या घराची बेल दिवसभर वाजायची आणि त्यातलं एकही काम त्याचं नसायचं. घरी बसून नोकरी करणारा माणूस सेलूतल्या त्या गल्लीला रिकामटेकडाच वाटे. शेजारच्या नर्मदाबाईंना मोबाइलचा आवाज वाढवून हवा असे, दूधवाल्या बन्सीधरला तांब्याभर पाणी.

त्याचं काम मात्र डोकेफोडीचं होतं. संगणकाचा सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ भागात, म्हणजे कर्नलमध्ये, हजारो पर्याय असतात. कोणता चालू करावा आणि कोणता नको, हे तो चार सोप्या ओळींत लिहून द्यायचा. शेवटची ओळ बहुतेक ठरलेली: 'खात्री नसेल तर नाही म्हणा.' ही ओळ त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की कुणी जेवायला बोलावलं तरी तो नाहीच म्हणे. आई गेल्यापासून बोलावणारंही फारसं कुणी उरलं नव्हतं.

एकदा ऐन मीटिंगमध्ये बेल वाजली. "झोपलावतास का रं?" नर्मदाबाईंनी विचारलं. सिद्धोधननं त्याच दिवशी दारावर कागद चिकटवला: 'महत्त्वाचं काम असेल तरच बेल वाजवा. खात्री नसेल तर वाजवू नका.' लिखाण इतकं स्पष्ट उतरलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

गल्ली प्रामाणिक निघाली. आपलं काम महत्त्वाचं आहे अशी खात्री कुणालाच नव्हती. दूध परत गेलं, गॅसची टाकीही परत गेली. आधी त्याला बरं वाटलं. मग बेल बिघडली की काय, म्हणून तो बाहेर जाऊन स्वतःच वाजवून आला. चांगली वाजत होती. घर त्याला फार मोठं वाटायला लागलं.

रविवारी जिंतूरहून मनिषा आणि तिचे मामा स्थळ बघायला यायचे होते. उरल्यासुरल्या गॅसवर त्यानं पोहे केले. ते गार झाले तरी कुणी आलं नाही. फोन करावा का, याची खात्री नव्हती, म्हणून त्यानं केला नाही.

शेवटी नर्मदाबाई भिंतीपलीकडून बोलल्या, "पाव्हणे आलते की रं तुझे."

"कवा?"

"मघाशी. दारावलं वाचलं अन् गेले. मामा म्हनला, मोठ्या कामाचा मानूस दिसायलाय, उगं तरास नको."

"मग मावशी, मला हाक तर मारायची!"

"मलाबी खात्री न्हवती."

त्यानं घाईघाईनं फोन लावला. "तो कागद तुमच्यासाठी नव्हता हो."

"लिवलंय लय सोपं," मनिषा म्हणाली. "पर बेल वाजवल्यावर काय व्हतं, ते लिवलंच न्हाई. दार उघडतं, का मानूस चिडतो?"

गेल्याच आठवड्यात सिद्धोधनचं लिखाण तपासणाऱ्यानं हाच शेरा मारला होता: नाही कधी म्हणायचं ते कळलं, पण हो म्हटलं तर काय होतं? तेव्हा त्याला राग आला होता. आता रडू आलं.

"आमी वाटंत देवगाव फाट्यालाच हावोत," ती म्हणाली. "जिंतूरची गाडी आली न्हाई अजून. माघारी येऊ का?"

गॅस संपलेला, दूध नाही, पोहे गार. ती आली तरी पुढं काय होईल, याचीही खात्री नव्हती.

"हो, या," तो म्हणाला.

त्यानं दारावरचा कागद टराटरा फाडला, दार सताड उघडं टाकलं आणि जाऊन नर्मदाबाईंची बेल वाजवली.

"म्हत्त्वाचं काम हाय का?" त्यांनी आतूनच विचारलं.

"लय म्हत्त्वाचं हाय, मावशी. वाटीभर दूध पायजे अन् चहापुरता गॅस."