कामावरचा बेडूक

शकूमावशींचा लालभडक बेडूक गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता पांढरा करण्यात आला. पाठोपाठ पिवळं कासव, निळी कोंबडी आणि पिस्ता रंगाचं मांजर, सगळ्यांना चुना लावण्यात आला. 'चुना लावला' हे मी अलंकाराने म्हणत नाही. बादली होती, कुंचा होता आणि ठेकेदाराची दोन माणसं होती. कुणी मोठे साहेब धरण बघायला येणार होते, आणि साहेबांना रस्त्याकडेचे दगड पांढरेच आवडतात असा आपल्याकडे समज आहे. साहेब आलेच नाहीत. चुना आला. मी जाहीर निषेध करते.

आता मावशी कोण, ते सांगते. कामशेतजवळच्या आमच्या गावात त्या माझ्या शेजारी. गावात त्यांना 'दगडवाली' म्हणतात, पाठीमागे 'याडी शकू'. बाजारात वांगी निवडावीत तसे त्या ओढ्यातले गोटे निवडतात. उचलायचा, टिचकी मारायची, कानाशी न्यायचा. "ह्यो तापट हाय," म्हणून परत पाण्यात. पसंत पडला तर टोपलीतून घरी, मग अंघोळ, ऊन आणि रंग. रंग लोणावळ्याचा. त्यांचा भाचा तिथले बंगले रंगवतो; डब्यांच्या तळाशी उरेल ते मावशींचं. त्यामुळे आमच्या रस्त्यावरची जनावरं कुठल्या ना कुठल्या शेठच्या बेडरूमच्या रंगाची असतात. शेवटी डोळे. ते काढताना मावशी श्वास रोखतात आणि बघणाऱ्यालाही रोखायला लावतात.

"तोंड दिलं की दगड बी ऐकतो," हे त्यांचं ब्रीद. "मान्संच ऐकत न्हाईत."

केशरी रंग मात्र त्यांनी कधीच बंद केलाय. एकदा केशरी भोपळा रंगवून वळणावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे नारळ फुटला. आठवड्यात घंटा आली. मावशी रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "आरं, भोपळा हाय त्यो! देठ दिसंना व्हय?" एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देवाला आसं बोलू न्हाई, शके." आता तो भोपळोबा आहे. मंगळवारी ठेकेदाराच्या माणसांनी फक्त त्यालाच हात लावला नाही. उलट त्याच्या आजूबाजूचे दगड त्यांनी चपला काढून रंगवले.

एका शनिवारी एक ताई गाडीतून उतरल्या. "मावशी, केवढा क्यूट बेडूक! पण लाल का? बेडूक हिरवा असतो ना?"

"हिरवा गवतात कुनाला दिसंल?"

"बरं, विकणार का?"

"न्हाई. त्यो कामावर हाय."

ताई हसल्या. मीही हसले.

मंगळवारी चुन्यानंतर तासाभरात मी 'लोककलेचा खून!' असं पत्रक लिहून तावातावाने मावशींकडे गेले. त्या अंगणात येरझाऱ्या घालत होत्या.

"कला-बिला ऱ्हाऊ दे, पोरी. आबा कुटं दिसलं का?"

आबा म्हणजे त्यांचे यजमान, नामा पैलवान. एके काळी मावळातल्या जत्रांमधून नारळ जिंकून आणायचे. अजूनही रोज सकाळी छाती काढून, एकटेच, फाट्यावरच्या टपरीवर चहाला जातात. तेवढ्यात जवळच्या बंगल्याचा वॉचमन त्यांना घेऊन आला.

"मावशी, आबा आमच्या स्विमिंग पुलाच्या काठावर बसलेले. दोन कटिंग मागत होते."

"मुद्दाम गेलतो!" आबा गरजले. "टपरीवाल्यानं फरशी झ्याक बसिवलीया!"

आणि चौकटीला खांदा घासत आत गेले.

वॉचमन गेल्यावर मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "डोळं गेल्यात गं त्यांचं. दवाखान्यात म्हनले, आता काय इलाज न्हाई. नुसतं धुकं दिसतं, त्यात रंग तेवढं कळत्यात. लाल आला की उजवीकडं, पिवळा आला की पायरी. आज भोपळ्यापतूर गेलं आसतील, म्होरं समदंच पांढरं."

"मग तुम्ही सोबत का जात नाही?"

"हात धरून न्हेलं तर गाव म्हनंल, पैलवानाला बायको चालिवती. त्यापरीस मला याडी म्हनू दे की."

"आबांना माहीत आहे, दगड कशासाठी ते?"

"म्या कदी सांगितलं न्हाई, त्यांनी कदी इचारलं न्हाई. बेडूक जरा हलला की घरी यून बोंब मारत्यात, 'तुजं ते खूळ नीट जागंवर ठिव!'"

मी विचारलं, "हे छापू? गावाबाहेर वाटायला?"

"छाप की. त्यांना कुटं वाचता येतंय आता," मावशी म्हणाल्या, आणि रस्त्यावरून उचलून आणलेला बेडूक मांडीवर घेऊन त्याच्या तोंडावरचा चुना पदराने पुसायला लागल्या.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, 'अरेरे' नको. रविवारी सकाळी घरातले उरलेसुरले ऑइलपेंटचे डबे घेऊन या. कामशेतला उतरून कुणालाही दगडवाली मावशी विचारा. पांढरा सोडून कुठलाही रंग चालेल. केशरी जरा जास्त आणा. मावशींनी बंदी उठवली आहे, आणि या वेळी प्रत्येक जनावराच्या कपाळाला केशरी टिळा लागणार आहे. बघू मग कुणाचा कुंचा उठतो! हे पत्रक मात्र आबांना वाचून दाखवायचं नाही. वाटेत ते समोरून आले, तर हात धरायला धावू नका. बाजूला व्हा आणि खणखणीत आवाजात म्हणा, "राम राम, पैलवान!"